राग कुठी बसला हाय?

मार्कंड्याच्या देवळाहून परतताना गाडी मूल गावच्या रस्त्याला लागली. डाव्या हाताला तो फाटा दिसला आणि काहीच ठरवलेलं नसताना मी वळले.

शेजारी श्रावणी बसली होती. माझी मुलगी, दहावीत आहे. सहामाहीचा निकाल लागल्यापासून ती आमच्याशी कामापुरतंच बोलत होती. शिकवणीला जात नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. देवाला नेऊन आण, मन रमेल, असं तिचे पप्पा म्हणाले म्हणून आम्ही दोघी निघालो होतो. देवळाच्या दगडी मूर्ती तिनं पाहिल्या, वैनगंगेच्या वाळूत थोडी चाललीही. पण मन काही रमलं नव्हतं.

"इकडं कुठं?" तिनं कानातले इअरफोन काढून विचारलं.

"माझी शाळा होती इथं. आश्रमशाळा. आठवी ते दहावी मी इथंच राहिले."

"होती म्हणजे?"

"पोरी आता मोठ्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेल्या."

तिनं तिच्या बाजूची काच खाली केली. मार्गशीर्षातली दुपार होती. बांधांवर धानाचे पुंजणे रचलेले, कापलेल्या शेतांत बगळे. उघड्या काचेतून तणसाचा, धानाच्या वाळक्या काडाचा, गोडसर, थोडा धुळकट वास आत आला. तो वास आला की माझं वय गळून पडतं. कुठंही असले तरी मी चौदा वर्षांची होते, दोन वेण्या, लाल रिबिनी.

फाटकाला कुलूप नव्हतं, नुसती तार गुंडाळलेली होती. आवारात गवत कमरेएवढं. वर्गांच्या खिडक्या कुणीतरी काढून नेलेल्या. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा जागेवर नव्हता, तो जिथं टांगलेला असायचा तिथल्या फांदीवर मात्र साखळीचा वळ अजून होता. त्या घंटेनं आम्ही उठायचो, जेवायचो, प्रार्थनेला उभं राहायचो. पहाटेच्या थंडीत तिचा आवाज पाण्यात दगड पडल्यासारखा लांब जाऊन विरायचा. मग पत्र्याच्या बादल्या खणखणायच्या, हातपंपाची दांडी कुरकुरायची, आणि इतक्या पोरींच्या ओल्या केसांना लावलेल्या तेलाचा वास त्या लांबड्या खोलीत दाटायचा. मोहाच्या बियांचं तेल काही जणी घरून बाटलीत आणत. त्याला उग्र वास. पहिल्या आठवड्यात मला मळमळायचं. पुढं दिवाळीत घरी गेले तर तो वास नाही म्हणून झोप येईना.

माझं गाव मूलच्या पलीकडं, धानाच्या पट्ट्यात. इथं आले तेव्हा आई फाटकाशी थांबली होती. "रडशीन तर नाई ना वं?" तिनं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी रडले. नुसती मीच नाही. संध्याकाळ झाली, जंगलाच्या बाजूनं धूर उतरायला लागला, गाईंच्या गळ्यातल्या लाकडी घंटा टोकटोक करत गावाकडं निघाल्या की कुणाला ना कुणाला भरून यायचं. एकीनं सुरुवात केली की दुसरी. आवाज न करता रडायची कला आम्हा सगळ्यांना लवकर साधली होती. अभ्यासाच्या तासाला पुस्तकं उघडी असायची आणि पानांवर थेंब पडायचे.

आणि रडणं तरी सोपं. त्या वयाचा राग फार वाईट. तो कशाचा हेच कळायचं नाही. वेणी नीट येत नाही म्हणून आरसा आपटायचा, भाजीत मीठ जास्त म्हणून ताट सरकवायचं, मैत्रिणीनं हसून पाहिलं म्हणून आठवडाभर अबोला. मास्तर लोक म्हणत, या पोरी शेफारल्यात. वसतिगृहाच्या बाई मात्र तसं म्हणत नसत.

त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणायचो. उंच, काळ्यासावळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला. आवाज जरासा घोगरा. आम्हाला गणित शिकवायच्या आणि वसतिगृहातच एका खोलीत राहायच्या. बोलायच्या आमच्यासारखंच. पुस्तकातली भाषा फक्त फळ्यावर.

आवाराच्या मागच्या कोपऱ्यात मोहाचं एक जुनं झाड होतं. बाईंनी त्याखाली एक सपाट दगड आणून टाकला होता आणि एक नियम केला होता. जिला राग आला, जिला रडू आलं, जिला कुणाचं तोंड पाहू वाटत नाही, तिनं तिथं जाऊन बसायचं. वर्ग चालू असला तरी चालेल. तिथं बसलेलीला कुणी हाक मारायची नाही, काय झालं म्हणून विचारायचं नाही. ती आपल्या पायांनी परत आली की बाई पहिलं विचारायच्या, "जेवली काय?" आणि मग, जरा वेळानं, जवळ घेऊन, "मले सांग, कुठी बसला हाय तो?"

"कोण बाई?"

"राग, वं. अंगात कुठी बसला हाय?"

पहिल्यांदा आम्हाला हसू आलं होतं. पण विचार करायला लागलं की खरंच सापडायचं. कुणाच्या गळ्यात, कुणाच्या पोटात, कुणाच्या दाताखाली. माझं सगळं छातीच्या मधोमध, पाट्यावर वरवंटा ठेवल्यासारखं. तिथं हात ठेवून श्वास घ्यायला त्या सांगायच्या. तो आपल्याच घरचा पाहुणा हाय, म्हणायच्या, त्याले हाकलू नोको, बसू दे, जाईन तो. आणि खरोखर तो उठून जायचा. मग गणिताचं पुस्तक तेच असायचं, पण अक्षरं जागेवर आलेली असायची.

आजूबाजूच्या शाळांत तेव्हा छडीचं राज्य होतं. बाईंना हे कुणी शिकवलं, मला माहीत नाही. विचारायचं कधी सुचलंच नाही. आता सुचतं, तर विचारायला त्या नाहीत.

श्रावणी गवतातून वाट काढत माझ्या मागून येत होती. "साप असेल इथं," ती म्हणाली.

"असेल. पाय आपटत चल."

चालता चालता मी तिला जैवंताचं सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. आवारात शिरल्यापासून मला तिचीच चाहूल लागत होती.

जैवंता मडावी नववीत माझ्या शेजारी बसायला आली. नदीपलीकडच्या, जंगलातल्या गावची. घरी गोंडी बोलणारी. मराठी यायचं, पण बोलताना ती शब्द पाय टाकून पाहावा तसा चाचपून टाकायची. हाडापेरानं बळकट, केस कुरळे, हसली की डोळे मिटून जायचे. झाडावर चढण्यात, लंगडीत, हातपंपावर तिला तोड नव्हती. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, कुठल्या झाडाची गोड हे तिला वासावरून कळायचं. पण गणिताच्या तासाला तीच जैवंता अंग चोरून बसायची.

सहामाहीचे पेपर मिळाले त्या दिवशी बाई आजारी होत्या आणि दुसरेच मास्तर आले होते. त्यांनी तिचा पेपर वर्गाला वाचून दाखवला. प्रश्नाचं उत्तर तिनं शब्दांत लिहिलं होतं, अर्धं मराठी, अर्धं गोंडी. वर्ग हसला. जैवंता उठली, पेपर घेतला, त्याचे तुकडे केले आणि बाकडं उलटं पाडून निघून गेली. मास्तर ओरडले. ती सरळ मोहाखाली जाऊन बसली. जेवायची घंटा झाली, आली नाही. दुपारचे वर्ग सुटले, आली नाही. थंडीचे दिवस. ऊन तिच्या अंगावरून सरकत भिंतीवर गेलं. आम्ही लांबून पाहत होतो.

उन्हं कलली तेव्हा अंगात ताप असतानाच बाई शाल गुंडाळून बाहेर आल्या. नियम त्यांचाच, त्यांनी हाक मारली नाही. झाडापासून जरा अंतरावर पायरीवर बसून राहिल्या. शेवटी जैवंताच उठून आली.

"जेवली काय?"

तिनं मान हलवली.

"कुठी बसला हाय?"

जैवंता पायानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "बाई, मराठीत नाई सांगता येत मले."

"मंग तुया बोलीत सांग."

ती गोंडीत बोलायला लागली. थांबेचना. बाईंना त्यातलं फारसं समजत नव्हतं, मला तर काहीच नाही. एक 'यायो' तेवढा कळला, म्हणजे आई. पण बाई अशा ऐकत होत्या, की त्यांना जणू शब्दन्‌शब्द कळतोय. बोलणं संपलं, तेव्हा जैवंताचे खांदे खाली आले होते. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून एक गणित. एकच. कोणतं ते तू निवडाचं. दुसरं मी देणार नाई, मांगितलं तरी."

एक गणित म्हणजे काहीच नाही. जैवंताला त्याचा अपमानच वाटला. पण निवडायचं तिनंच होतं. सुरुवातीला सगळ्यात सोपं शोधण्यासाठी ती सगळी गणितं वाचायची. वाचता वाचता पुढं पुढं कधी अवघडावर बोट ठेवायला लागली, ते तिलाही कळलं नसेल. माघात एका सकाळी ती बाईंच्या खोलीशी जाऊन भांडत होती, "अजून एक द्या ना, बाई!" आणि बाई दारात उभ्या राहून, हसू दाबत, "नाई म्हणजे नाई."

मग फाल्गुन आला. पळस फुलून गेला, मोह टपकायला लागला. रात्री वारा पडला की तो वास खिडकीतून आत यायचा, जड, आंबूस-गोड, दुधात काहीतरी नासल्यासारखा आणि तरी हवाहवासा. जंगलातल्या गावच्या पोरींची त्या वासानं झोप उडायची. घरी आता सगळे पहाटे टोपल्या घेऊन निघाले असतील, आपण इथं. एकेक जण पोटदुखीचं सोंग करायची. जैवंता सोंग करणारी नव्हती. होळीला घरी गेली ती आलीच नाही. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली.

एका शुक्रवारी बाई मला म्हणाल्या, "चाल, जैवंताकडं जाऊ."

बस जिथं संपली तिथून आम्ही चाललो. नदीला पाणी गुडघ्याखाली होतं, तळाची वाळू पायाखालून सरकत होती. पलीकडं सालईची, ऐनाची झाडं, पानगळीनं उघडं पडलेलं रान, आणि पायाखाली चुरचुरणारा पाला. मी इतकी शांतता आधी ऐकली नव्हती. गावात शिरलो तर जैवंता अंगणात फुलं वाळत घालत होती. आम्हाला पाहून ती आत पळाली. तिच्या आईनं तांब्यात पाणी आणून दिलं, चटई टाकली. "पोरगी म्हनते, मले येत नाई, मी नापास होनार, मंग कायले जाऊ," ती बाईंना म्हणाली. "आमी तं जाय म्हनलं तिले."

बाई शाळेविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. तिथंच जेवलो, तिथंच राहिलो. पहाटे सगळे निघाले तर बाईही पदर खोचून टोपली घेऊन निघाल्या.

ती पहाट मला अजून दिसते. मोहाखालचा पाला आधीच जाळून जमीन काळी केलेली, आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळसर, रसरशीत फुलं. अजून गळतच होती. टप. टप. कुठं पाठीवर, कुठं केसांत. थंड फूल बोटांत धरलं की त्याची साल जराशी दबायची आणि बोटं चिकट व्हायची. पूर्वेला उजेड फुटला, कुठंतरी मोर ओरडला. जैवंता आमच्यापासून लांबच्या झाडाखाली होती. वेचत वेचत ती जवळ सरकली. मग आणखी जवळ.

"बाई, तुमी मले न्याले आल्या?"

"नाई," बाई वेचता वेचताच म्हणाल्या. "मोहफुलं वेचाले आली. तुले याचं असन तर तू येशीन."

टोपली अर्धी भरेपर्यंत जैवंता बाईंच्या शेजारीच वेचत राहिली.

"पेपर कवा हाय?"

"सोमवारी."

"कोनता?"

"गणित."

"पयलाच गणित काऊन ठेवला?" जैवंता एवढ्या रागानं म्हणाली, की तिची आई लांबून हसली. मग मी हसले. मग जैवंताचेही डोळे मिटले.

रविवारी आम्ही तिघी नदी उतरून परत आलो. तिच्या आईनं भाजलेल्या मोहाचे आणि तिळाचे लाडू बांधून दिले होते. बसमध्ये जैवंता माझ्या खांद्यावर झोपली, केसांना धुराचा वास. ती पास झाली. फार नाही, पण झाली.

दहावीच्या वर्षात एकदा, पोळा होऊन गेल्यावर, बाईंना भेटायला कुणी माणूस आला होता. ऑफिसात बराच वेळ बसला आणि निघून गेला. तो कोण, काय बोलणं झालं, आम्हाला कधीच कळलं नाही. तो गेला आणि बाई ऑफिसातून बाहेर आल्या, भर वर्गाच्या वेळी, आणि चालत मागच्या कोपऱ्यात गेल्या. मोहाखाली बसल्या. आमच्याकडं पाठ करून.

आम्ही खिडक्यांशी गोळा झालो. मोठ्या माणसानं तिथं बसलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. पण नियम सगळ्यांना पाठ होता. कुणी हाक मारली नाही. घंटा आम्हीच वाजवली. संध्याकाळची प्रार्थना आम्हीच म्हटली, लहान पोरींना रांगेत बसवून भात-वरण वाढलं, अभ्यासाला बसवलं. वीज गेलेली होती, चिमण्या पेटवल्या. पावसाची बारीक झड येऊन गेली तरी बाई उठल्या नाहीत. जैवंतानं त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि दारात जाऊन बसली.

अंधारून आलं तेव्हा त्या आल्या. लुगडं ओलं, चेहरा ओळखू न येणारा.

"जेवून घ्या, बाई," जैवंता म्हणाली. ताट पुढं ठेवलं. बाई दोन घास जेवल्या. आम्ही भोवती, पुस्तकात डोकं घालून. आणि मग जैवंतानं, हळूच, आमच्यातल्या कुणाचीच छाती झाली नसती ते विचारलं,

"कुठी बसलं हाय, बाई?"

बाईंनी वर पाहिलं. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"साऱ्या अंगात, वं," त्या म्हणाल्या.

जैवंता उठली आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली. मग आणखी एक पोरगी. मग मी. बराच वेळ आम्ही तशा बसलो होतो. वाचत होतो की नाही, आठवत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मी मोठी झाले.

निकालाआधीच बाईंची बदली झाली, लांब, सिरोंच्याकडं. निरोप देताही आला नाही. आम्ही सुट्टीवर होतो. त्या वारल्याचं मला फार वर्षांनी कुणाकडून तरी उडत उडत कळलं. जैवंता दहावी झाली, बारावी झाली. मग पत्ता नाही. मध्यंतरी एकदा जंगलातल्या नाक्यावर गाडी थांबवली गेली, आणि खाकी वर्दीतली वनरक्षक खिडकीशी वाकली. डोळे मिटून हसली म्हणून ओळखलं. मागं गाड्यांची रांग लागली होती, आम्ही एकमेकींचे हात नुसते घट्ट धरले. "गणित येते आता?" मी विचारलं. "रोज एक," ती म्हणाली. नंबर घ्यायचा राहून गेला. तिथली तिची बदलीही झाली म्हणे नंतर.

"झाड कुठंय?" श्रावणीनं विचारलं.

कोपऱ्यात खुंट होता. वाळवीनं भरलेला. दगड कुणीतरी नेला असावा. उन्हं उतरत होती, शेतातून मळणी यंत्राची घरघर येत होती. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. फक्त कुणाला तरी विचारावंसं वाटत होतं, की या माझ्या पोरीचं मी काय करू? आणि ज्यांना विचारायचं, त्या कुठंच नव्हत्या.

आम्ही परत गाडीत बसलो. मूल जवळ आलं, राइस मिलची धुराडी दिसायला लागली, हवेत कोंड्याचा भाजका वास. श्रावणीनं इअरफोन घातले नव्हते. त्यांची तार ती बोटाभोवती गुंडाळत होती.

"मम्मी."

"हं."

"पेपर हातात आला ना, की मला अक्षरंच दिसत नाहीत. म्हणजे दिसतात, पण वाचता येत नाहीत. सहामाहीला मी गणिताचा पेपर कोरा दिला. मला येत होतं सगळं. तरी कोरा दिला."

माझ्या जिभेवर खूप काही आलं. डॉक्टर, शिकवणी, आधी का नाही सांगितलंस, असं काय करतात का. ते सगळं मी गिळलं. रस्त्याच्या कडेला, धानाच्या ट्रॅक्टरांना वाट देऊन, गाडी उभी केली.

"मग?" मी म्हणाले.

ती रडायला लागली. आवाज करून, लहानपणी रडायची तशी. किती महिन्यांनी मी तिचा तो आवाज ऐकत होते. मी तिच्याकडं पाहिलं नाही, समोर पाहत राहिले. ट्रॅक्टर जात होते, पोत्यांवर बसलेली माणसं आमच्याकडं बघत होती.

"पप्पांना सांगशील?" तिनं नाक ओढत विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा."

ती सावरून बसली. ओढणीनं तोंड पुसलं.

"अजून आहे," ती म्हणाली.

मी इंजिन बंद केलं.